फॉर्मवाली ताई

बँकेतल्या मुलीनं कागद चाळले आणि दत्तकपत्रापाशी थांबली. "म्हणजे मयत तुमची सख्खी मुलगी नाही का?"

या प्रश्नाला आयुष्यभर शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांसमोर उत्तरं दिली होती. काउंटरवर मात्र घशातून शब्द फुटेना.

घोळ लेकीचाच होता. खात्यावर नॉमिनी म्हणून तिनं बाबांचं नाव लावलं होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण नाव तसंच. आणि हीच बया दर बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात भाजीवाल्या मावश्यांना दटावायची, "नॉमिनी लावला का गं?" 2020 मध्ये फेरीवाल्यांना 10 हजारांचं कर्ज देणारी स्वनिधी योजना आली, तेव्हा पिशवीत स्टँपपॅड घेऊन ती बाजारातच बसायची. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घ्यायचे, संजय गांधी निराधारचे अर्ज भरायचे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोबत जायचं. तिचं खरं नाव बाजारात फार कुणाला माहीत नव्हतं. सगळ्या तिला फॉर्मवाली ताईच म्हणायच्या.

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आधी मावश्यांना फोन, मग जेवण. 2019 च्या ऑगस्टात पुराची खूण मानला जाणारा नदीतला दुतोंड्या मारुती बुडायला आला, त्या रात्री ही घरी आली ती गुडघाभर चिखलात, काखेत कुणाचा तरी तराजू घेऊन. तो चार दिवस आमच्या गॅलरीत वाळत होता. पारड्यांना लागलेला गाळ तिनं जुन्या टूथब्रशनं काढला.

बँकेत एकूण चार खेपा झाल्या. ओळखीच्या वकिलांनी धीर दिला: लग्न न झालेल्या हिंदू मुलीनं मृत्युपत्र केलं नसेल तर वारस आई-वडीलच, आणि 1956 च्या कायद्यानं दत्तक घेतल्या दिवसापासून मूल त्याच घराचं. मग क्लेम फॉर्म, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, दोघांचेही मृत्यूचे दाखले. दाखल्याच्या प्रती जास्तच काढून ठेवा. मी पाच काढल्या, त्या पुरल्या नाहीत. कोर्टाचा आदेश आणि दत्तकपत्र मात्र शोधावं लागलं नाही. एका फाईलवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "आई, हे हरवू नकोस."

रामकुंडावरच्या दशक्रियेला बाजारातल्या बायका आल्या होत्या. पिंडाला कावळा शिवेना तर काय काय कबूल करायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पण कावळा लगेच आला. "आम्हाला बोलूबी दिलं न्हाई," म्हणून एक मावशी रागावलीच.

बँकेचं काम संपल्यावर पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. त्यांच्या वहीत निफाडकडच्या आमच्या घराण्याच्या पिढ्या आहेत, त्यात तिचं नाव घालायचं होतं. गुरुजींनी लाल कापडातली वही सोडली, पानं उलटली आणि म्हणाले, "नाव आहे की इथं."

ती घरी आली त्याच वर्षाची नोंद. आमच्या दोघांच्या नावांखाली "कन्या" आणि तिचं नाव. दत्तक हा शब्द कुठंच नाही. खाली मामंजींची थरथरती सही. हे तेच मामंजी, "कुणाचं रक्त कोण जाणे" म्हणत बारशालाही न आलेले. ते इथं कधी आले, कुणाबरोबर आले, घरात कुणालाच ठाऊक नाही.

गुरुजींनी पेन उघडलं. मी तिथी सांगितली.