डावीकडे कललेला हाइंड, बत्तीस पाती आणि पावसाळ्यातला लॅकर

प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायचं टेबल मोकळं केलं. केए-52 आणि एमआय-28 ही रशियन हेलिकॉप्टरं परत खोक्यात गेली, टीयू-160 हे बॉम्बर कपाटावर चढलं (1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या मापात, पंख पूर्ण पसरले की 77 सेंटिमीटर भरतं, त्याला दुसरी जागा घरात मिळणार कुठे), आणि समोर फक्त दोन गोष्टी राहिल्या: एमआय-24व्ही हे हेलिकॉप्टर म्हणजे आपला हाइंड, आणि टीयू-95एमएस हे बॉम्बर म्हणजे बेअर. दोन्ही 1/72. हेलिकॉप्टर जवळजवळ झालंय, बॉम्बर अर्ध्यावर आहे. कॉकपिटांबद्दल फार लिहीत नाही. त्या रशियन निळसर-हिरव्या रंगाच्या मिश्रणावर आपल्या मंडळींत पुरेशी भांडणं झाली आहेत, आणि काच चिकटवली की त्यातलं निम्मं दिसतही नाही.

आधी हाइंड. तो आता चाकांवर उभा आहे. उभा म्हणजे तिरका. पायलटच्या डाव्या हाताची बाजू खाली, उजवी वर. घरी आलेले पाहुणे एकदा तरी म्हणतातच, "अहो, हे वाकडं चिकटलंय." वाकडं चिकटलेलं नाही, मुद्दाम तसं बसवलंय. या नोंदीतली बरीच जागा त्यालाच देणार आहे, कारण रिव्हेट मोजून मोजून कोरणारे लोकसुद्धा हाइंड सरळ उभा करून मोकळे होतात.

गोष्ट अशी आहे. एकच मुख्य रोटर असलेल्या रशियन हेलिकॉप्टरांत तो रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. (आपलं चेतकही तसंच, फ्रेंच घराण्यातलं म्हणून.) त्यामुळे धड उलट दिशेला फिरू बघतं, म्हणजे नाक डावीकडे आणि शेपूट उजवीकडे. शेपटीचा छोटा रोटर शेपटीला डावीकडे ओढून ते थांबवतो. पण तीच ओढ अख्ख्या हेलिकॉप्टरलाही लागते, आणि हवेत एका जागी थांबलेलं यंत्र हळूहळू डावीकडे सरकायला लागतं. हाइंडचे आरेखक मिल, त्यांच्या कार्यालयातल्या लोकांनी यावर उपाय काढला तो असा: मुख्य रोटरच धडाच्या मानाने 2.5 अंश उजवीकडे झुकवला. मग जमिनीवर रोटर आडवा राहावा म्हणून चाकांचे पाय असे बसवले की धडच डावीकडे कलतं. रोटर सपाट, खालचं सगळं तिरकं. शेपटीचा उभा पंखाही दोन्ही बाजूंनी सारखा नाही. वेगात असताना तोच बाजूला जोर लावतो आणि छोट्या रोटरचं ओझं हलकं करतो.

आता हे 1/72 मध्ये किती होतं? खऱ्या हाइंडच्या मागच्या दोन चाकांत साधारण 3 मीटर अंतर, म्हणजे आपल्याकडे 42 मिलिमीटर. 2.5 अंशांनी फरक पडतो 1.8 मिलिमीटरचा. ऐकायला क्षुल्लक, पण शेजारी सरळ उभा केलेला हाइंड ठेवा आणि बघा. एक यंत्र वाटतं, दुसरं खेळणं.

मी काय केलं ते सांगतो. किट कुठलंही असो, आधी पाय न चिकटवता नुसते बसवून बघा, ते कललेले येतात की सरळ. माझ्याकडे सरळ होते. डावा पाय वरच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर घासला आणि उजव्या पायाच्या खाचेत बाकीच्या फरकाएवढी प्लॅस्टिकची चकती घातली. सगळी कसर एकाच पायात काढली तर तो पाय डोळ्याला खटकतो. मास्टच्या (रोटर ज्यावर बसतो त्या दांड्याच्या) भोकात पितळेची सरळ तार घातली, मागे भिंतीला आलेख कागद लावला, हेलिकॉप्टर काचेवर ठेवलं आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून समोरून पाहिलं. तार उभ्या रेषेला समांतर हवी आणि धड तिच्याशी तिरकं. तार धडाबरोबरच कलत असेल तर मास्टचं भोक बुजवून पुन्हा पाडावं लागतं, त्याला इलाज नाही. बाजूने बघून मात्र तपासू नका. मास्ट पुढेही झुकलेला असतो, त्यात गोंधळ होतो.

पाती हा दुसरा मुद्दा. पाच पाती, रोटरचा व्यास 17.3 मीटर. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली लवतात, किटातली मात्र पट्टीसारखी सरळ. मी स्वयंपाकघरातली जुनी कढई उपडी केली, पाती तिच्या पाठीवर मास्किंग टेपने लांबीच्या दिशेने लावली आणि वरून गरम पाणी सोडलं. उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत पुरे. गार होईपर्यंत हलवायचं नाही. पाचही एकसारखी लवली. कढई परत जागेवर ठेवताना टेपचा डिंक नीट पुसा, एवढंच सांगतो.

छोट्या पंखांबद्दल एक गंमत. ते नुसती शस्त्रं टांगायला नाहीत. पूर्ण वेगात एकूण उचलीचा साधारण चौथा हिस्सा तेच देतात. पण 1978 मध्ये हाइंडच्या हलक्या केलेल्या आवृत्तीने ताशी 368.4 किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा हे पंख काढून टाकले होते. माझ्याकडे पंख आहेत आणि त्यांच्याखाली 80 मिलिमीटरच्या रॉकेटांचे वीस नळ्यांचे दोन पॉड आहेत. नळ्यांची तोंडं सुईने कोरून आत काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, सोडला. भिंगातून बघणाऱ्यालाच कळेल, पण भिंग घेऊन येणारे आपल्यात कमी नाहीत.

रंगसंगती अफगाणिस्तानातली, वर वाळू आणि हिरवा, पोटाला फिका निळा. एक्झॉस्टवर उष्णता लपवणाऱ्या पेट्या बसवल्या आहेत. 25 सप्टेंबर 1986 ला जलालाबादजवळ उष्णतेचा माग काढणाऱ्या स्टिंगर क्षेपणास्त्रांनी हाइंड पाडले गेले, आणि त्यानंतरचं यंत्र दाखवायचं तर या पेट्यांशिवाय ते अपुरं वाटतं. नाकाखाली चार नळ्यांची 12.7 मिलिमीटरची मशीनगन. ती रणांगणात अडकायची, म्हणून पुढे एमआय-24पी वर उजव्या कुशीला 30 मिलिमीटरची दुनळी तोफच घट्ट बसवली. ती आवृत्ती कधीतरी करायची आहे. त्याआधी बहुधा आपल्या हवाई दलाचं एमआय-35 होईल, कारण भारतीय चक्रांचे डिकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) पाकिटात पडून पिवळे पडायला लागलेत.

बेअरकडे वळतो. तिथे सगळा जीव प्रोपेलरांत आहे. चार इंजिनं, प्रत्येकावर एकामागे एक दोन प्रोपेलर, प्रत्येकाला चार पाती. बत्तीस पाती! प्रत्येकावर साच्याची रेघ, ती ब्लेडने खरवडायची, मग कडा पातळ करायच्या. मी जेवणानंतर रेडिओ लावून बसायचो आणि जमतील तेवढी करायचो. पण कामापेक्षा सावध राहायचं ते दुसऱ्याच गोष्टीत. पुढचा प्रोपेलर आणि मागचा प्रोपेलर उलट दिशांना फिरतात, म्हणून पात्यांचा पीळही उलटा असतो. स्प्रूवरून (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिच्यावरून) कापल्या कापल्या वेगळ्या डब्यांत टाका आणि डब्यांवर "पुढची", "मागची" असं लिहून ठेवा. एकदा मिसळली की पिवळ्या दिव्याखाली ती ओळखण्यात संध्याकाळ जाते.

एवढा खटाटोप रशियनांनी का केला? कुझ्नेत्सोव यांचं एनके-12 इंजिन सुमारे 15,000 अश्वशक्तीचं. त्याच्या विकासात युद्धानंतर रशियात नेलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन अभियंते होते, फर्डिनांड ब्रांडनर त्यांतले प्रमुख. एवढी ताकद एकाच प्रोपेलरने हवेत उतरवायची तर पाती इतकी लांब होतील की जमिनीला घासतील. म्हणून दोन, 5.6 मीटर व्यासाचे. त्यांना फिरवणारा गिअरबॉक्स हीच मोठी कसोटी होती. पहिला नमुना 12 नोव्हेंबर 1952 ला उडाला आणि 11 मे 1953 ला कोसळला. गिअरबॉक्स तुटून इंजिनाला आग लागली होती, आणि वैमानिक अलेक्सेई पेरेल्योत त्यात गेले. त्यानंतर नव्या इंजिनाचा दुसरा नमुना उडायला 1955 उजाडलं.

आवाजाचं म्हणाल तर हिशेब करून बघा. प्रोपेलर मिनिटाला साधारण 750 फेरे मारतो. 5.6 मीटर व्यासाला टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ 220 मीटर. विमान स्वतः ताशी 830 किलोमीटरने पुढे जातंय, म्हणजे सेकंदाला 230 मीटर. हे दोन्ही काटकोनात, तेव्हा टोकाचा खरा वेग येतो 318 मीटर. अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग 295. म्हणजे पात्यांची टोकं सतत ध्वनीच्या पुढे.

प्रोपेलर मी चिकटवलेले नाहीत. इंजिनाच्या नाकात पितळेची नळी बसवली, तिच्यात दोन्ही प्रोपेलरांचा दांडा सरकतो. प्रदर्शनाला नेताना काढून वेगळ्या डबीत ठेवता येतात. दोन प्रोपेलरांमध्ये फट किती ठेवायची ते फोटोवरून ठरवा. फार ठेवली तर पुढचा तोंडातून बाहेर आल्यासारखा दिसतो.

धडाची गंमत वेगळी. त्याचा व्यास 2.9 मीटर, आणि तो थेट टीयू-4 वरून आलेला. टीयू-4 म्हणजे 1944 मध्ये व्लादिवोस्तोकला उतरलेल्या अमेरिकन बी-29 विमानांची हुबेहूब नक्कल. म्हणजे 1/72 मध्ये 40 मिलिमीटर जाडीची नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सत्तर सेंटिमीटरचे पंख. ही लांब नळी दोन अर्ध्यांतून जोडायची, म्हणून सांधाही लांब. पुट्टी एका दमात भरू नका. थोडी भरा, वाळू द्या, घासा, प्रायमरचा हलका हात मारा, मग पुढचा तुकडा. नाकात वजन टाकायला विसरलात तर विमान शेपटीवर बसेल. मी मासेमारीचं शिसं इपॉक्सीत बुडवून भरलंय.

सांध्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी खऱ्या आयुष्यातला एक उपाय. 2023 मध्ये रशियातल्या एंगेल्स तळावरच्या टीयू-95 विमानांच्या पंखांवर मोटारींचे टायर रचलेले उपग्रह-छायाचित्रांत दिसले. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या डोळ्यांना विमानाचा आकार ओळखू येऊ नये, हा हेतू. 1/72 चे टायर आणून पंखभर रचले तर खालचं सगळं माफ!

विनोद सोडा, पण मॉडेल कोणत्या काळातलं करायचं हे मला ठरवावंच लागलं. याच विमानांतून 2022 पासून युक्रेनच्या शहरांवर क्षेपणास्त्रं सुटली आहेत, आणि 1 जून 2025 ला युक्रेनच्या ड्रोनांनी थेट त्यांच्या तळांवर जाऊन ती जाळली. माझं बेअर सोव्हिएत काळातलं, लाल ताऱ्यांचं आणि चंदेरी राहील. हल्लीच्या युद्धातली रशियन सैन्याची "झेड" चिन्हं माझ्या कपाटात येणार नाहीत. ज्यांना करायची त्यांनी करावीत, हा माझ्यापुरता निर्णय.

मला खरं तर या विमानाचं नौदलातलं भावंड हवंय, टीयू-142. भारतीय नौदलाने आठ घेतली, 1988 पासून ती गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर होती, 1992 मध्ये तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि 29 मार्च 2017 ला निवृत्त झाली. पण टीयू-95एमएसच्या किटावर नुसते डिकल बदलून ते होत नाही. टीयू-142 चं पुढचं धड लांब, शेपटीच्या टोकावर पाणबुड्या शोधणारा चुंबकीय दांडा, पोटाखालचे घुमटही वेगळे. करायचंच तर धड कापून मध्ये तुकडा घालावा लागेल. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर एक टीयू-142 संग्रहालय म्हणून ठेवलंय, आत शिरताही येतं. चाकांच्या खोबण्यांचे फोटो काढायला त्याच्यासारखी जागा नाही. आणि वास्को-दाबोळीच्या बाजूला त्या चार वर्षांत कोणी राहत असेल, जुन्या अल्बमात एखादा फोटो असेल, तर जरूर कळवा. रंगाची छटा मला त्या काळातलीच हवी आहे.

सध्या काम अडलंय ते हवेमुळे. चंदेरी रंग लॅकरचा, आणि भर पावसाळ्यात लॅकर मारला की वर दुधी पापुद्रा येतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. उपाय दोन: उशिरा वाळणारा थिनर मिसळायचा किंवा कोरड्या दिवसाची वाट बघायची. काँप्रेसरच्या नळीत पाणी पकडणारी बाटली लावली आहे आणि ती दर थोड्या वेळाने रिकामी करतोय. पंखांचा खालचा भाग झाला. वरचा भाग तीन वेगवेगळ्या चंदेरी छटांत तोडून करायचा आहे, म्हणजे पत्रे वेगवेगळे दिसतील. त्याचं मास्किंग कापून तयार आहे. तोपर्यंत हाइंडच्या दारांवरचे रशियन अक्षरांचे डिकल लावून घेतो. ते इतके बारीक आहेत की चिमट्याऐवजी ओल्या ब्रशने उचलणं बरं पडतंय.