दाय कॅटाफाल्क: माकोच्या सपाट मुलखातले मेटल

हंगेरीच्या आग्नेय कोपऱ्यात, मारोश नदीच्या काठी आणि रोमानियाच्या सीमेजवळ माको नावाचे एक छोटे शहर आहे. आपल्याकडे लासलगाव म्हटले की कांदा आठवतो, तसा हंगेरियन माणसाला माको म्हटले की कांदा आणि लसूण आठवतो. ज्यांच्या नावाने पत्रकारितेतला पुरस्कार दिला जातो ते जोसेफ पुलित्झर १८४७ साली याच गावात जन्मले. अशा या शेतीवाडीच्या गावात १९९८ मध्ये तमाश काताई आणि यानोश युहास या दोघांनी ‘दाय कॅटाफाल्क’ हा मेटल, म्हणजे जड गिटारच्या रॉक संगीताचा, बँड सुरू केला. युरोपातल्या अवाँ-गार्द, म्हणजे प्रयोगशील, मेटलविषयी बोलताना आज हे नाव टाळता येत नाही. मात्र पहिली वीसहून अधिक वर्षे हा बँड एकदाही रंगमंचावर आला नव्हता. माझ्या मते त्याच्या संगीताची जडणघडण समजून घ्यायची असेल, तर सुरुवात याच गोष्टीपासून करायला हवी.

हंगेरीत त्याआधी मेटल नव्हते असे नाही. ऐंशीच्या दशकात ‘टॉरमेंटर’ या बँडमधून अत्तिला चिहार पुढे आला आणि १९९४ साली नॉर्वेच्या ‘मेहेम’ या बँडच्या गाजलेल्या अल्बमवर त्याचा आवाज जगभर पोहोचला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सोम्बातहेय या शहरात, ‘सिअर ब्लिस’ या बँडने ब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे मेटलच्या वेगवान, काळोख्या शाखेत, पितळी वाद्ये आणली. हे सगळे बँड तालमी करणारे, कार्यक्रम करणारे होते. काताई आणि युहास यांनी मात्र घरात बसून, ड्रम संगणकावर रचून काम चालवले. १९९९ चा ‘सबल्युनरी ट्रॅजेडीज’ आणि २००१ चा ‘मायक्रोकॉसमॉस’ हे पहिले दोन अल्बम त्या काळच्या कीबोर्डप्रधान ब्लॅक मेटलच्या चौकटीतले आहेत. ते आज ऐकताना पुढे काय होणार याच्या खुणा सापडतात, पण त्या पुढचे माहीत असल्यामुळेच सापडतात, हेही कबूल करायला हवे.

खरे वळण २००४ च्या ‘त्यूनो इदो तारलात’ या तिसऱ्या अल्बमपासून दिसू लागते. हंगेरियन भाषा इथे पुढे येते, सुरावटी लांबतात आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी केवळ सजावटीपुरते राहत नाहीत. त्यानंतर पाच वर्षांनी, २००९ मध्ये, एपिडेमी रेकॉर्ड्स या चेक कंपनीने ‘रोका हशा रादियो’ प्रसिद्ध केला आणि बँडचे नाव हंगेरीबाहेर पसरले. या अल्बमवरची ‘मोलेकुलारिश गेपेझेतेक’ ही रचना सुमारे एकोणीस मिनिटांची आहे. संगणकावरच्या ड्रमचा अमानुष वाटावा असा वेग, त्यावर गिटारचा गच्च थर, आणि मग हे सारे ओसरून उरलेला कीबोर्डचा संथ विस्तार, अशी तिची चाल आहे. प्रत्यक्ष ड्रमवादक असता तर हा वेग कदाचित अधिक जिवंत वाटला असता. पण मग रचनेचे नाव ज्या रेणूंच्या यंत्रांविषयी बोलते, ती यंत्रे कानाला ऐकू आली नसती. गैरसोयीतून आलेली गोष्ट इथे शैली होऊन बसते. लगेच पुढच्या रचनेचे नाव आहे ‘माकोमधली अंतराळयाने’. कांद्याच्या शेतांवर अंतराळयाने उतरवणारा हा खट्याळपणा त्या काळच्या काळ्याकुट्ट, गंभीर चेहऱ्याच्या मेटलमध्ये फार कमी जणांकडे होता.

याच सुमारास आग्नेश तोत आणि अत्तिला बाकोश यांचे आवाज या संगीतात आले आणि लोकसंगीताची छाया स्पष्ट झाली. इथे थोडे विषयांतर करतो. हंगेरीची जुनी लोकगीते पुष्कळदा पाच स्वरांतली आणि वरून खाली उतरत येणाऱ्या चालीची असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय या संगीतकारांनी खेडोपाडी हिंडून, फोनोग्राफवर ध्वनिमुद्रण करून ती गोळा केली. बार्तोकचे जन्मगाव आज सीमेपलीकडे रोमानियात आहे, पण माकोहून ते फार लांब नाही. त्या पाच स्वरांची मांडणी पाहिली तर कोमल गंधार आणि कोमल निषाद घेणारा, ऋषभ-धैवत वगळणारा आपला धानी राग आठवतो. ऐतिहासिक नाते वगैरे मला सुचवायचे नाही. पण हिंदुस्थानी संगीत कानावर पडत मोठ्या झालेल्या माणसाला काताईच्या काही सुरावटी पहिल्याच ऐकण्यात ओळखीच्या का वाटतात, याचे एक कारण यात असावे.

२०११ मध्ये फ्रान्सच्या सीझन ऑफ मिस्ट या कंपनीकडून ‘रेंगेतेग’ आला. त्याची पहिलीच रचना ‘फेकेते मेझोक’, म्हणजे ‘काळी शेते’, या बँडची सर्वांत मजबूत रचना आहे असे मला वाटते. घोड्याच्या दौडीसारखी गिटार चालू असताना बाकोशचा स्वच्छ, मोकळा आवाज घाई न करता वर चढतो, आणि ब्लॅक मेटलमध्ये सहसा न मिळणारा उजेड तिथे मिळतो. त्याच सुमारास युहास बाजूला झाला आणि उरला एकटा काताई. तो तेव्हा स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे राहत होता. २०१५ च्या ‘स्गुर’ या अल्बमचे शीर्षकच स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतले, डोंगराच्या शिखरासाठी वापरले जाणारे आहे. त्यात ‘स्गुर एल्दे मोर’ ही तिथल्या खऱ्या शिखराच्या नावाची रचना आहे आणि त्याच अल्बमवर ‘आल्फोल्डी कोझमोस’, म्हणजे हंगेरीच्या महामैदानाचे विश्वही आहे. परमुलखातल्या डोंगरावर उभे राहून आपला सपाट मुलूख आठवणारा माणूस या अल्बमभर जाणवतो, आणि तो कुठेही गळा काढत नाही, हे विशेष.

पुढची वर्षे भरभर गेली: २०१६ मध्ये ‘मेटा’, २०१८ मध्ये ‘जिओमेट्रिया’, २०२० मध्ये ‘नाइव’, २०२१ मध्ये ‘वादाक’. काताई आता दिग्दर्शकासारखा झाला होता. रचना त्याच्या, बहुतेक वाद्ये त्याची, पण प्रत्येक गाण्याला हवा तो गळा आणि हवे ते वाद्य बाहेरून बोलावायचे, अशी ही पद्धत. मार्तिना होर्वात हिचा आवाज या काळाची ओळख ठरला. ‘नाइव’वरच्या ‘एंबेरशोयोम’मध्ये ती जे गाते त्यात लोकगीताचा ठसका आणि पॉपची सहजता एकत्र नांदतात. सगळेच जमले आहे असे नाही. ‘मेटा’वरची वीस मिनिटांहून मोठी ‘माल्मोक यार्नाक’ मला मधल्या भागात रेंगाळलेली वाटते आणि ‘जिओमेट्रिया’ ऐकताना पाहुण्यांची गर्दी अधूनमधून जाणवते. पण जुन्या चाहत्यांची मर्जी सांभाळण्यासाठी काताई कधी थबकला, असे मात्र एकाही अल्बमवरून म्हणता येणार नाही.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये, मात्रा डोंगरांत भरणाऱ्या ‘फेकेते झाय’ महोत्सवात, दाय कॅटाफाल्कचा पहिला प्रत्यक्ष कार्यक्रम झाला. संगणकावर बेतलेल्या रचना माणसांच्या हातात देण्यासाठी वादक जमवले गेले, अल्बमवर गायलेले अनेक गायक आळीपाळीने येऊन गायले. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘मेझोलित’ या नावाने उपलब्ध आहे. अल्बमवर जिथे यंत्राचा काटेकोरपणा होता तिथे इथे थोडी ओढाताण आहे, आणि अनेक रचनांना ती मानवली आहे.

या अनुभवाचा परिणाम म्हणून असो वा नसो, २०२३ चा ‘आल्फोल्ड’ पुन्हा जड, खडबडीत मेटलकडे वळला. नाव थेट महामैदानाचे, वाद्यांची उधळण कमी, गुरगुरता आवाज पुढे. पहिल्या दोन अल्बमांचा कच्चा राग आणि मधल्या वीस वर्षांत कमावलेली बांधणी इथे एका जागी येते, म्हणून नव्या श्रोत्याला मी ‘रेंगेतेग’नंतर लगेच हाच ऐकायला सांगतो, ‘रोका हशा रादियो’ थोडा कान तयार झाल्यावर. २०२४ च्या बाराव्या अल्बमने पुन्हा दारे उघडून पाहुण्यांना आत घेतले आहे. ‘सुंदर स्वप्ने यापुढे येतील’ अशा अर्थाचे त्याचे लांबलचक नाव आहे, आणि ‘आल्फोल्ड’इतका तो मला एकसंध वाटला नाही, पण एका अल्बमवर जमलेला साचा पुढच्या अल्बमवर मोडून टाकायचा, ही काताईची जुनीच रीत आहे.