कुडाळच्या पुढे

गुरुवार, रात्री उशिरा

झोप लागेना म्हणून वही काढली. कुणाला सांगायला जावं तर ‘एवढंच ना?’ म्हणतील, आणि खरंच एवढंच आहे. २६ जानेवारी सोमवारी आलीये, शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळतेय. कुडाळची तिकिटं नोव्हेंबरातच काढली होती, कारण हल्ली आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि अशा सुट्टीला कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. कुडाळला उतरून पुढे कुठे, हे मात्र तेव्हा ठरलं नाही. मालवण की वेंगुर्ले. स्टेशन दोन्हीला तेच, रस्ता दोन्हीकडे तासाभराच्या आतबाहेरचा. त्यामुळे ‘बघू गं, वेळ आहे अजून’ म्हणत सगळ्यांनी पुढे ढकललं.

आज दादाचा फोन आला. स्पीकरवर सगळेच होते. ‘या वेळी तू ठरव,’ दादा म्हणाला. मी लगेच वेंगुर्ले म्हणाले. पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, ‘अगं, पण वेंगुर्ल्यात आहे काय?’

वाकड्यात शिरून नाही विचारलं तिने. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता आलं नाही. ‘समुद्र आहे की,’ एवढंच म्हणाले. ‘तो मालवणातही आहे,’ वहिनी म्हणाली, आणि मागून चिनू ओरडला, ‘किल्ला पण आहे!’ मग ‘शनिवारी नक्की करू’ म्हणून दादाने फोन ठेवला.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. ओटा आवरताना तेच, बाबांच्या गोळ्या काढून ठेवताना तेच. वेंगुर्ल्यात आहे काय. मालवणचं नाव घेतल्यावर असं कुणी विचारत नाही. मालवण म्हटलं की सिंधुदुर्ग, तारकर्ली, स्कूबा, देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, रॉक गार्डन, सगळं एका दमात सांगून होतं. शिवाय ज्याला जे हवं ते त्याला वाटून देता येतं. चिनूला किल्ला, वहिनीला पाण्याखालचे मासे, दादाला ताटातले. मी वेंगुर्ले म्हटलं की मात्र कारणं मागितली जातात. आवडीला कारणं जोडावी लागली की आवड तिथेच निम्मी होते.

तरी आत्ता बसून, जे फोनवर सुचलं नाही ते लिहून काढते.

वेंगुर्ल्यात बंदराशेजारच्या टेकडीवर दीपगृह आहे. वर उभं राहिलं की एका बाजूला होड्या आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्याची लांबच लांब रेघ. हवा स्वच्छ असेल तर समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्सचे काळे ठिपके दिसतात. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. गावात डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली. आता नुसत्या भिंती उरल्यात आणि भिंतींतून झाडं वर आलीयेत. उभादांड्याला सागरेश्वर आहे. फळ संशोधन केंद्र आहे. रत्ना आणि सिंधू हे आंबे तिथेच तयार झाले, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं कोकणात किती बागांमधून उभी आहेत! सिंधूची कोय एवढी पातळ असते की आई ती हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहायची. खाली दक्षिणेला उतरलं की शिरोडा, १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला. आणि मधे आरवलीचा वेतोबा.

वेतोबाबद्दल तरी मी बोलायला हवं होतं. चिनूचे कान टवकारले असते. देवाला तिथे चपला वाहतात. माणसाच्या मापाच्या नव्हेत, हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या, वर कातडी पट्टे आणि शिवण अशी ठसठशीत की बोट फिरवलं तर टाके लागतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. लहानपणी मी तिथे वाकून एका जुन्या जोडाचा तळ बघितला होता. टाचेकडची कड गुळगुळीत होऊन आत गेलेली, अंगठ्याखाली चामडं काळं पडलेलं. आजीने मला हाताला धरून मागे ओढलं, पण रागावली नाही. त्या रात्री मी अंथरुणात जागी राहून पावलं ऐकायचा प्रयत्न करत होते. ऐकू आली फक्त गाज.

हे ‘वेंगुर्ल्यात आहे’ असं म्हणता येईल का? वहिनी म्हणेल, देवळाला जाता येईल की मालवणहून गाडी करून, अर्ध्या दिवसाचं काम. जाता येईल. सगळंच अर्ध्या दिवसात होईल, दीपगृह, वखार, सागरेश्वर, सगळं. तिथेच तर माझं बोलणं अडतं. मला वेंगुर्ल्यात जाऊन काही उरकायचं नाहीये. मला तिथे दुपारी पडून राहायचंय. उन्हं कलली की बाजारातून चालत बंदरापर्यंत जायचंय, वाटेत कुणी ‘कोणाची गो तू?’ विचारलं तर सांगायचंय. आता विचारणारं कोण उरलंय, हा भाग वेगळा. आजी सांगायची, मुंबईहून आगबोटीने यायचे सगळे, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यायचं, ट्रंका, पोरं, सगळ्यासकट. मालवणलाही तसंच. मला त्या बोटी बघायला मिळाल्या नाहीत, पण बंदरावर उभी राहिले की नजर आपोआप बाहेर खोल पाण्याकडे जाते.

घराबद्दल आज लिहायचं नाही. विकलं ते विकलं. दादाचा त्यात काही दोष नव्हता.

पण मन खट्टू झालंय हे खरं. ‘तू ठरव’ म्हणायचं आणि ठरवल्यावर तपासणी घ्यायची. हे आजचं नाही. माझ्या आवडीचं काही पुढे आलं की घरात आधी शांतता होते, मग एक प्रश्न येतो, आणि मी गप्प बसते. गप्प बसले की सगळ्यांना वाटतं, हिचं काही फारसं नव्हतंच. आईच्या बाबतीतही असंच व्हायचं. तिला कुठे जायचंय हे तिने कधी उघड सांगितलं नाही, ‘तुम्ही न्याल तिथे’ म्हणायची, आणि आम्ही नेत राहिलो, आम्हाला हवं तिथे. तिच्या त्या गप्प बसण्यात काय काय होतं, हे आता कुणाला विचारू?

जाऊ दे. पाणी पिऊन आले.

मघाशी, नऊच्या सुमारास, चिनूने आवाजी निरोप पाठवला होता, तो आत्ता परत ऐकला. चौथीत आहे, इतिहासाच्या पुस्तकात महाराज आहेत, त्यामुळे सध्या त्याचं सगळं बोलणं गडांवरच असतं. ‘आत्या, समुद्राच्या मधोमध किल्ला आहे तर विहिरींचं पाणी खारट का नाही? आणि आत अजून माणसं राहतात हे खरं आहे का?’

त्याला उत्तर देताना मी किती वेळ बोलले! २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं, १६६७ मध्ये पुरं झालं. कुरटे नावाचं बेट होतं ते. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तिथे पूजा करून काम सुरू केलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. दरवाजा असा बुरुजांच्या वळणात लपवलाय की होडी जवळ जाईपर्यंत नुसता तट दिसतो, आणि तुला वाटेल, आता आत शिरायचं कुठून? दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा विहिरी आहेत. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे. माणसं हो, अजून राहतात. पाणी गोड कसं, ते आपण त्यांनाच विचारू.

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी त्याला ‘आपण विचारू’ म्हणाले. म्हणजे जाणार हे मनात धरूनच बोलत होते. आणि मालवणबद्दल बोलताना कुठे अडखळले नाही. का अडखळेन? त्या किल्ल्याबद्दल पुस्तकांनी सांगितलंय, बाईंनी सांगितलंय, होडीवाल्यांनी सांगितलंय, बाबांनी मला खांद्यावर घेऊन सांगितलंय. वाक्यं तयार आहेत, आपण फक्त तोंडात घ्यायची. माझ्या वेंगुर्ल्याबद्दल तसं कुणी बोलून ठेवलेलं नाही. आजी बोलायची, ती गेली. मला नव्याने शब्द शोधायला लागणार होते, तेही स्पीकरवर, सगळे ऐकत असताना. त्याला वेळ लागतो. तो वेळ वहिनीने दिला नाही असंही नाही म्हणता येणार. फोनवरची शांतता सगळ्यांनाच अवघड जाते.

त्या निरोपानंतर माझी चिडचिड बरीच उतरली. पोराच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तो तट समुद्रातून वर येणार आहे. ते बघायला मला त्याच्या शेजारी होडीत बसायचंय. हे मला हवंय, कुणाच्या भिडेने नाही. दोन गोष्टी हव्या असतात आणि सुट्टी एकीपुरतीच असते, तर एक निवडायची. या वेळी किल्ला.

दोन्ही करू असंही मनात आलं होतं. परुळे-चिपीवरून किनाऱ्याच्या रस्त्याने सोमवारी वेंगुर्ले, आणि तिथून संध्याकाळच्या तुतारी एक्स्प्रेसला कुडाळ. पण बाबांची कंबर आणि ते वळणावळणाचे रस्ते. आणि खरं सांगायचं तर मला वेंगुर्ले गाडीच्या खिडकीतून, घड्याळ बघत नकोय. दीपगृहापाशी उतरायचं, फोटो काढायचे, ‘चला, चला’ करत परत गाडीत बसायचं. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

बाबा फोनच्या वेळी शेजारीच बसले होते, काही बोलले नव्हते. त्यांनाही कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही, हे जेवताना जाणवलं. म्हणून विचारलं, ‘बाबा, तुम्हाला कुठे जायचंय?’ ते घास चावत राहिले. मग म्हणाले, ‘देवबाग बरं. किल्ल्यावर तुम्ही जा, मला होडीतून चढ-उतार जमणार नाही. मी तिथे संगमावर बसेन. खाडीपलीकडे भोगवं. होडीने पलीकडे गेलं की तुझा वेंगुर्ले तालुकाच लागतो.’

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कर्ली नदी मधे, अलीकडे मालवण तालुका, पलीकडे वेंगुर्ले. नकाशात कितीदा बघितलंय. पण दोन गावांमधून निवडायचं म्हटल्यावर मी त्यांना मनात एवढं लांब लांब नेऊन ठेवलं होतं की मधे फक्त एक खाडी आहे हे विसरूनच गेले. आणि बाबा ‘तुझा’ म्हणाले. आईचं माहेर ते, पण म्हणाले तुझा.

त्यावर मी काही बोलले नाही. त्यांना आमटी वाढली.

वेंगुर्ल्याला मार्चमध्ये जाईन, ओले काजू बाजारात येतात तेव्हा. बाबांना जमलं तर ते, नाहीतर एकटी. बाजाराच्या जवळ कुठेतरी राहीन आणि काहीही बघायला जाणार नाही. वेतोबाला तेवढं जाईन. दशावतारी नाटकाचा प्रयोग कुठे जवळपास असला तर रात्रभर बसेन, झोप आली तरी. हे कुणाला आधी सांगणार नाही, तिकिटं काढून मग सांगेन.

वहिनीला उत्तर द्यायचं राहिलंय. तिचा प्रश्न मला अजून थोडा टोचतोच आहे, खोटं कशाला लिहू. पण ती कधी त्या गावी राहिलेली नाही, तिला कसं कळावं? किनाऱ्यावर निवांत बसलो की वेतोबाच्या चपलांपासून सुरुवात करीन. तिला गोष्टी ऐकायला आवडतात, मधे बोलत नाही ती.

आत्ता तिला निरोप टाकला. झोपली असेल, सकाळी बघेल. मालवण चालेल, मनापासून. फक्त खोली देवबागच्या बाजूला बघा, तळमजल्याची, बाबांना जिना नको. पहिल्या दिवशी सकाळीच किल्ला करू, ऊन चढायच्या आत, होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात आणि चिनूला तेवढा वेळ पुरणार नाही, तर त्यांच्याशी आधीच बोलून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोगव्याला होडीने. बाबांना होडीत चढवायला दादा आणि मी दोघं असू, आणि ओहोटीच्या वेळा तिथल्या कुणालातरी विचारून ठेवायच्या.