सगळं म्हणजे नेमकं काय काय?

संजीवन सभेच्या, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरवलेल्या सभेच्या, शेवटच्या रात्री वक्ते विचारतात, "कोणाला आपलं जीवन प्रभूला द्यायचंय?" हात वर होतात, माणसं पुढे येऊन गुडघे टेकतात, डोळ्यांत पाणी असतं. ते पाणी खरं असतं, त्यावर शंका घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण सोलापुरातल्या कुठल्याही मंडळीतल्या जुन्याजाणत्या पाळकांना विचारा. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायला हवं आणि नेमकं तेच राहून जातं, असं ते सांगतील. "प्रभू, सगळं तुझं" असं म्हटलेलं असतं. सगळं म्हणजे काय काय, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

आधी नव्या जन्माविषयी, कारण पायाच नसेल तर पुढचं सगळं नुसती ओढाताण ठरते.

अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापुरात ख्रिस्ती घराणी आहेत. पणजोबा विश्वासात आले, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आई महिला मंडळात होती, असं सांगणारी कितीतरी घरं इथे आहेत. हा वारसा मोठाच आहे. पण वारशात आडनाव मिळतं, गीतं मिळतात, रविवारच्या उपासनेची सवय मिळते. पणजोबांचा विश्वास मिळत नाही. लहानपणीचा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी मंडळीपुढे विश्वास कबूल करण्याचा विधी), सभासदांच्या यादीतलं नाव, गायनमंडळातली जागा, यांतली एकही गोष्ट टाकाऊ नाही आणि एकही नव्या जन्माच्या बदली चालत नाही. काही मंडळ्या बाप्तिस्म्यालाच नव्या जन्माचं साधन मानतात. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही. तिथे मिळालेलं दान मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने स्वीकारावं लागतं, हे त्याही मंडळ्या शिकवतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी माणसाने तरी विसरू नये. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी स्वतःला झिजवलं. आणि तरीही त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. तो मिळाला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. एवढी विदुषी, एवढी सेवा आणि त्यांच्याही बाबतीत सेवा म्हणजे नवा जन्म नव्हता. मंडळीच्या कामात रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाने इथे थांबून स्वतःला तपासावं, असं मला मनापासून वाटतं.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला निकदेम असाच होता. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांच्या न्यायसभेतला माणूस, शास्त्र शिकवणारा. येशू त्याला आणखी काही शिकायला सांगत नाही, वरून जन्म घ्यायला सांगतो. जन्म कोणी स्वतःचा स्वतः घेत नाही, म्हणून हे काम पवित्र आत्म्याचं आहे. माणसाकडे दोनच गोष्टी येतात, पश्चात्ताप आणि विश्वास. पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही, वळणं. विश्वास म्हणजे ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं ते माझ्यासाठी पुरेसं आहे, हे धरून त्याच्यावर स्वतःला सोपवणं. ठरावीक प्रार्थना पाठ म्हटली म्हणून जन्म होत नाही आणि शब्द अडखळले म्हणून अडतही नाही. कोणाला त्याची तारीख सांगता येते, कोणाला येत नाही. तारखेपेक्षा आज जिवंतपणाची खूण आहे का, ते पाहावं. पाप लपवण्याऐवजी कबूल करावंसं वाटतं का? ज्याच्याशी पटत नाही त्या भावासाठी प्रार्थना निघते का? योहानाचं पहिलं पत्र पाचच अध्यायांचं आहे. त्यात याच कसोट्या फिरून फिरून येतात. एका बैठकीत वाचून होतं, वाचावं.

आता समर्पण. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून सादर करा. यज्ञ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे जुन्या करारातलं लेवीय पुस्तक होतं, अर्पणांचे नियम सांगणारं. तिथला होमबली पाहा. इतर काही अर्पणांतला वाटा याजकाला मिळे, शांत्यर्पणातला अर्पण करणाऱ्यालाही मिळे. होमबलीतलं मांस मात्र कोणीच खायचं नाही, ते सगळं वेदीवर. पण पहिला अध्याय नीट वाचला तर दिसतं की जनावर अख्खं उचलून वेदीवर ठेवत नसत. कातडं सोलायचं, तुकडे करायचे, डोकं आणि चरबी लाकडांवर रचायची, आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे आणि मग एकेक भाग वेदीवर जायचा. सगळं अर्पण, पण तुकड्यातुकड्याने. सहाव्या अध्यायात पुढची सूचना आहे. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, याजकाने रोज सकाळी त्यावर लाकूड घालायचं.

समर्पणाची सगळी रीत मला इथेच दिसते. घाऊक सगळं देणं सोपं असतं, किरकोळीत हात आखडतो. म्हणून एक वही घ्या आणि एका बैठकीत, घाई न करता, तासाभरात तुकडे लिहून काढा. पगार आणि त्यातून कापलेले हप्ते. देणं-घेणं, भिशी, घरच्यांना माहीत नसलेलं खातं. मोबाइल आणि रात्री त्यावर काय पाहता ते. कोणाशी बोलणं बंद आहे. मुलांच्या लग्नाची तुमची अट. वडिलार्जित जागेवरून भावाशी चाललेला दावा. मंडळीतलं पद, पंचकमिटीतली खुर्ची (हा तुकडा भल्याभल्यांच्या यादीत येतच नाही). प्रत्येक ओळीवर प्रार्थना करून तिथे एक कृती लिहा. "प्रभू, माझा पैसा तुझा" ही कृती नाही. "शनिवारपर्यंत बायकोला कर्जाचा खरा आकडा सांगायचा" ही कृती आहे.

यादी एकदाच पूर्ण होत नाही, म्हणून घाबरू नये. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली १९१७ मध्ये, बावीस वर्षांनी. आधीची वर्षं खोटी नव्हती. एक तुकडा तेव्हा वेदीवर आला, एवढंच.

सगळ्यांत जास्त जे वगळलं जातं ते म्हणजे परतफेड. देवाने क्षमा केली, मग माणसाचं देणं कशाला उकरायचं, असा सोयीचा समज पसरलेला आहे. शास्त्र तसं म्हणत नाही. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये नियम स्पष्ट आहे. फसवून घेतलेलं असेल तर मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा भाग ज्याचं त्याला परत. दहा हजार लाटले असतील तर बारा हजार. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाला, तोही नसेल तर ती रक्कम परमेश्वराची. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला. निर्गम २२ मध्ये चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराला चौपट भरपाई आहे. म्हणजे स्वतःहून कबूल करणाऱ्याची पाचव्या भागाची सवलत त्याने मागितली नाही, चोराचा दर लावून घेतला.

हे इथल्या कामधंद्यात आणून पाहा. विडी कारखान्यात तपासणीला बसणारा माणूस चांगल्या विड्या छाटीत (नापास मालात) टाकतो, तेव्हा दिवसभर मान मोडून हजार विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी कापली जाते. यंत्रमागावर हजेरी लिहिणारा एखाद्याचा दिवस गाळतो. चादरीच्या व्यापारात मापात आखूड माल पूर्ण म्हणून जातो. असा माणूस विश्वासात आला तर सभेत साक्ष देण्याआधी त्याने त्या बाईच्या दारात जावं. एकरकमी जमत नसेल तर बारा हजारांचे दरमहा हजार, एक वर्ष. लिहून द्यावं आणि तारीख चुकवू नये. आणि नोकरी लगेच सोडू नये. लूक ३ मध्ये जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना काम सोडायला सांगत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, जुलमाने पैसे काढू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, एवढंच सांगतो. त्याच खुर्चीत सरळ बसणं जास्त अवघड आहे आणि म्हणूनच ते पहिलं.

परतफेडीत सांभाळायच्या गोष्टी आहेत. आपलं मन हलकं करण्यासाठी तिसऱ्याचं घर मोडेल अशी कबुली गावभर देऊ नये, पाळकांशी एकांतात बोलावं. प्रकरण कायद्यातलं असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा, पण सल्ला घेणं म्हणजे टाळणं नव्हे. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणं हे समर्पण शिकवणं नाही, अन्याय आहे. क्षमा तिच्या मनाची गोष्ट आहे. तिचा जीव सुरक्षित ठेवणं ही मंडळीची जबाबदारी आहे.

देण्याच्या भरात होणारी चूक परतफेड टाळण्याच्या उलट असते. सभेत गळ्यातलं अर्पणात टाकायचं आणि महिन्याने वाण्याची उधारी थकवायची. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने जमीन विकून थोडा पैसा मागे ठेवला, ती गोष्ट लोक कमी दिल्याची शिक्षा म्हणून सांगतात. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र नेमकं उलट म्हणतो. जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती होता. गुन्हा थोडं ठेवण्याचा नव्हता, थोडं ठेवून सगळं दिल्याचं दाखवण्याचा होता. त्यामुळे मोठ्या अर्पणाचा निर्णय घरात बोलून, महिनाभर थांबून घ्यावा. आधी उधारी फिटावी, दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) नियमित सुरू व्हावा. प्रभूला घाई नसते.

आता वेदीवरच्या रोजच्या लाकडाविषयी, म्हणजे रोजच्या वाचन-प्रार्थनेविषयी. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने उत्साहात पहाटे चारचा गजर लावला तर आठवड्यात तो गजर बंद होतो, आणि त्याबरोबर "आपल्याला जमत नाही" ही निराशा येते. वीस मिनिटं पुरेत, पण ठरलेली. एक स्तोत्र, एक अध्याय दोनदा, आज करायची एक गोष्ट एका ओळीत, मग नावं घेऊन प्रार्थना. योहानाचे अध्याय २१, म्हणजे तीन आठवडे. मग मार्क १६, प्रेषितांची कृत्ये २८, रोमकरांस १६. हे चार धरून एक्याऐंशी दिवस झाले. संपूर्ण नव्या कराराचे २६० अध्याय आठवड्याला पाच या हिशोबाने वर्षात होतात, शनिवार-रविवार मोकळा ठेवूनही. सोलापुरात पाणी येण्याच्या दिवशी सकाळची वेळ भांडी, बॅरल आणि मोटर यांतच जाते. त्या दिवसाची वेळ आदल्या रात्रीच वेगळी ठरवून ठेवा, नाहीतर खंड तिथूनच पडतो. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर शास्त्र त्याच भाषेत वाचा. मराठी उपासनेत बसता म्हणून देवाशीही मराठीतच बोललं पाहिजे, असं काही नाही.

व्यसन सुटण्याच्या साक्षी आपल्याकडे खूप होतात, त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात. त्यात जीवही जातो. हे सैतानाचं नाटक समजून कोंडून ठेवू नका. प्रार्थना करा आणि त्याच वेळी दवाखान्यात न्या. तंबाखू, मावा सुटला तर त्या वेळेचं आणि त्या नाक्याचं काय करायचं, हे आधी ठरवा. मत्तय १२ मधलं झाडून साफ केलेलं घर रिकामं राहिलं, म्हणून गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन आला. संध्याकाळी सात ते नऊ ही जागा रिकामी सोडायची नाही. घरसभा, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याला भेट, काहीतरी तिथे बसवा.

साधारण दोन-तीन महिन्यांनी भावना ओसरते. प्रार्थना कोरडी वाटते, गाताना डोळ्यांत पाणी येत नाही. बहुतेक जण इथे पुढची संजीवन सभा शोधतात आणि वर्षानुवर्षं तेच ते हात वर करत राहतात. मूल रडायचं थांबलं म्हणून त्याचा जन्म रद्द होत नाही. या दिवसांत वही उघडावी, अर्धवट राहिलेली ओळ शोधावी, ती पूर्ण करावी. बहुतांश कोरडेपण तिथेच अडकलेलं सापडतं. नाही सापडलं तर झोप, तब्येत, कामाचा ताण पाहावा. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा जेवू घातलं.

एकट्याने हे होत नाही. पहिले सहा महिने तरी मंडळीतला एक अनुभवी सोबती हवा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. त्याने उपदेश करू नये, चार प्रश्न विचारावेत. काय वाचलंस? कुठे पडलास? कोणाकडे जायचं राहिलंय? हप्ता दिलास का? ऐकलेलं बाहेर जाऊ नये, पाळकीणबाईंच्या कानावरही परवानगीशिवाय नाही. पडल्याचं त्याच दिवशी देवापुढे कबूल करावं आणि सोबत्याला फोन करावा. रविवारपर्यंत थांबू नये, कारण चार दिवसांत माणूस स्वतःसाठी चांगली सबब तयार करतो.

निकदेम पुढे योहानात आणखी दोनदा दिसतो. सातव्या अध्यायात तो सभेत एक वाक्य बोलतो, नियमाला धरून, जपून, आणि सहकारी त्याला टोमणा मारतात. एकोणिसाव्यात तो गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण घेऊन येतो, आजच्या मापात तीस किलोंच्या वर. ते वजन लपवून आणता येत नाही. तुमच्या सोबत्याची वाढ अशी संथ असेल तर त्याला ढकलू नका. पुढच्या आठवड्यातही अर्धा तास राखून ठेवा.