निपाणी ते बंगळूर: एअर टॅक्सीच्या तयारीने तपासलेली डोक्यावरची पांघरुणं

एअर टॅक्सीचं तिकीट आपल्याकडे अजून मिळत नाही. बंगळूरच्या सरला एव्हिएशनने जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात 'शून्य' नावाचा नमुना मांडला. तो तिथल्या तिथे सरळ वर उठणारा, विजेवर चालणारा आणि शहरातल्या शहरात वीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी आखलेला आहे. चीनमध्ये ईहँग कंपनीच्या दोन आसनी, बिनचालकाच्या यंत्राला ऑक्टोबर 2023 मध्येच मंजुरी मिळाली. आपली पाळी येईल तेव्हा येईल. पण डोक्यावर काय चालेल आणि काय नाही, हे तपासायला तोवर थांबायची गरज नाही. निपाणी, बेळगाव, तिथला सांबरा विमानतळ आणि पुढे विमानाने बंगळूर या एका प्रवासात जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात: दुचाकीचा वारा, हेल्मेट, सुरक्षा तपासणी, विमानतळावरची उघडी फरशी, आखूड केबिन आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा. राहतो तो फक्त पंख्यांचा खाली येणारा झोत. त्यासाठी हेलिकॉप्टरचे नियम आहेतच.

प्रवास आषाढातला. बरोबर गांधी टोपी, हाताने बांधलेला फेटा, शिवलेला तयार फेटा, चोचीची कॅप, काठाची हॅट, कानटोपी, सुती स्कार्फ आणि तान्ह्या बाळाची कुंची.

निपाणीहून बेळगाव राष्ट्रीय महामार्गाने साधारण पंचाहत्तर किलोमीटर. बसने गेलात तर डोक्याचा प्रश्न येत नाही, फक्त खिडकीजवळ टोपी हातात धरा. खानापूरकडून किंवा जवळच्या गावातून दुचाकीने सांबऱ्याला येणाऱ्यांनी मात्र आधी ठरवावं. हेल्मेटखाली फेटा बसत नाही आणि बसवूही नये. हेल्मेटचं आतलं अस्तर डोक्याला सगळीकडून टेकायला हवं. मध्ये कापडाचे थर आले की पट्टा कितीही आवळा, आपटल्यावर हेल्मेट फिरतं. खाली फार तर शिवण नसलेली पातळ सुती टोपी चालते. फेटा पिशवीत घ्या आणि पोचल्यावर बांधा. हेल्मेट विमानात नेता येतं, क्ष-किरण यंत्रातून जातं, पण ते हातातल्या सामानात मोजलं जातं. एटीआर या पंख्यावर चालणाऱ्या लहान विमानाचे वरचे कप्पे लहान असतात, तिथे ते दुसऱ्याच्या बॅगेवर बसतं. सोडायला कुणी आलं असेल तर त्यांच्याबरोबर परत पाठवणं सगळ्यात सोयीचं.

सांबरा बेळगाव शहरापासून दहाएक किलोमीटर. 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने हा तळ उभारला, प्रवाशांसाठी नवी इमारत सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाली. तपासणीला टोपी, कॅप, हॅट, कानटोपी सरळ ट्रेमध्ये जातात. बांधलेला फेटा उतरवायला लावतीलच असं नाही, हातातल्या यंत्राने आणि हाताने चाचपून तपासतात. इथे वेळ जातो तो टाचण्यांमुळे. तुरा उभा राहावा म्हणून खोचलेली एक सेफ्टी पिन, शिरपेच, शिवलेल्या फेट्याच्या आतली तार, यातलं काहीही वाजतं. एकदा वाजलं की बाजूला घेऊन फेटा सोडायची विनंती होऊ शकते. परत बांधायचा तर दुसरं टोक धरायला माणूस हवा आणि निवांत दहा मिनिटं हवीत. म्हणून प्रवासाचा फेटा पिनेशिवाय बांधा आणि तुरा काढू नका, ते टोक आतच दाबा. स्कार्फ बांधलेल्या बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारी करतात. केसातले लोखंडी आकडे मोजकेच ठेवा.

इमारतीतून बाहेर पडून विमानाशी जाताना मात्र नीट बघण्यासारखं असतं. एटीआर 72 मध्ये प्रवासी मागच्या डाव्या दाराने चढतात. उभ्या विमानाला वीज मिळावी म्हणून उजव्या बाजूचं इंजिन पुष्कळदा चालू असतं, पण त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवलेला असतो. त्यामुळे या दाराशी पंख्याचा वारा जवळजवळ नसतोच. टोपी उडवतो तो आषाढ-श्रावणातला पश्चिमेचा वारा. धावपट्टीच्या मैदानावर त्याला अडवायला झाड नाही की भिंत नाही. गांधी टोपी इथे सगळ्यात आधी जाते. ती दोन्ही बाजूंना उघडी, वर घडी असलेली. वारा कपाळाकडून आत शिरला की ती होडीसारखी उचलली जाते. टोपी उडाली तर मागे धावायचं नाही. कर्मचाऱ्याला सांगा आणि जागेवर उभे राहा. सुटं कापड इंजिनात जाणं ही विमानतळावर गंभीर बाब असते, आणि टोपीमागे धावणारा माणूस त्याहून गंभीर.

एअर टॅक्सीच्या तळावर हाच प्रश्न कितीतरी पटींनी मोठा होईल. सरळ वर उठणारं यंत्र हवा खाली ढकलतं, ती जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंनी आडवी पसरते. अमेरिकेच्या विमान नियामकाने अशा तळांसाठी डिसेंबर 2024 मध्ये दिलेल्या सूचनांत ताशी 34.5 मैल, म्हणजे 55 किलोमीटर, ही धोक्याची रेघ धरली आहे. झोत त्याहून जोराचा असेल त्या पट्ट्यात प्रवाशाने मोकळं फिरायचं नाही. आता 55 च्या वाऱ्याचा हिशेब करू. बेळगावच्या उंचीवर एवढा वारा एका चौरस मीटरवर साधारण तेरा किलोचा दाब टाकतो. हॅटचा काठ नऊ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याचा पुढचा अर्धा भाग झाला सुमारे 380 चौरस सेंटीमीटर. वारा खालून सरळ लागला तर उचल अर्ध्या किलोची, आणि हॅटचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. कॅपची चोच लहान, तिच्यावर दीडशे ग्रॅमचा जोर येतो. ती डोक्याला घट्ट बसली असेल तर टिकते, सैल असेल तर नाही. वेग 55 वरून 80 वर गेला की जोर दुपटीहून जास्त, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून "कालच्या वाऱ्यात राहिली होती" या अनुभवाला तिथे अर्थ नाही.

आपल्या तालुक्यांत हे बघायला लांब जावं लागत नाही. निवडणुकीत कॉलेजच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा पुढाऱ्याचे पाय जमिनीला लागायच्या आधी स्वागत समितीच्या टोप्या कुंपणापार गेलेल्या असतात. तांबडी धूळ आडवी येते, काठाखाली शिरते आणि थेट डोळ्यांत जाते. त्या वेळी प्रत्येकाचा हात आपोआप डोक्याकडे जातो, आणि खरा धोका तोच. फिरत्या पंख्याखाली हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, हा हेलिकॉप्टरचा पहिला नियम. दुसरा, वैमानिकाला दिसाल अशा बाजूने आणि त्याने खूण केल्यावरच जवळ जायचं. तिसरा, उतारावर उभ्या यंत्राकडे वरच्या अंगाने जायचं नाही, तिथे पंखा जमिनीच्या जास्त जवळ असतो. एअर टॅक्सीत आणखी एक भानगड आहे: सगळ्यांचे पंखे डोक्यावर नसतात. ईहँगच्या यंत्राचे सोळा पंखे केबिनच्या खालच्या अंगाला, आडव्या दांड्यांवर आहेत. तिथे फेट्याचा शेमला किंवा ओढणीचं टोक खाली लोंबणं हेच वाईट.

या सगळ्यातून एकच कसोटी धरावी: एका हाताने, दहा सेकंदांत उतरवून चेन असलेल्या पिशवीत किंवा खिशात जाईल तीच वस्तू डोक्यावर असावी. चढण्याआधी ती आत गेलेली असावी. हनुवटीचा पट्टा लावून टोपी वाचवण्यापेक्षा टोपी नसलेलं बरं. तरी म्हाताऱ्या माणसांना बोडक्याने जाणं पटत नाही, किंवा थंडीने कान दुखतात. त्यांच्यासाठी पट्टा करायचाच तर असा करा. एक सेंटीमीटर रुंदीचं इलॅस्टिक, एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत मोजून त्याहून तीन-चार सेंटीमीटर कमी. एक टोक टोपीला पक्कं शिवा. दुसऱ्या टोकाला तीन सेंटीमीटरची वेल्क्रोची पट्टी लावा, म्हणजे टोपी कुठे अडकली तर पट्टा सुटेल, गळा आवळणार नाही. बेळगावच्या गणपत गल्लीत, खडेबाजारात हे सामान सहज मिळतं आणि कुठलाही शिंपी हातासरशी शिवून देतो. गाठ मारलेली नाडी मात्र नको.

फेट्याबद्दल जरा सविस्तर, कारण लग्नाकार्याला जाणारे तो घालूनच निघतात. शिवलेला फेटा अख्खा उचलला जातो, त्याला झोतात जागा नाही, डब्यातून न्या. हाताने बांधलेला पाच-सहा मीटरचा फेटा डोक्याला धरून राहतो, पण सुटला तर एका टोकाकडून सुटतो आणि ते टोक मग पंख्यापर्यंत पोचण्याइतकं लांब असतं. भिजला की तो जड होतो, गाठी सैल पडतात, त्यामुळे पावसात धोका वाढतो. बसल्यावरची उंचीही बघा. घरी भिंतीला पाठ लावून ताठ बसा, बोडक्या डोक्याची एक खूण आणि फेट्यासकट दुसरी करा. फरक बहुधा सहा ते दहा सेंटीमीटर निघतो. एटीआरच्या आसनावर एवढ्याने बिघडत नाही. लहान केबिनमध्ये दार बुटकं असतं, छत जवळ असतं, आणि धक्का बसला तर डोकं वर जायला जागा हवी असते. हेलिकॉप्टरमध्ये कानावर हेडसेट देतात. त्याची कमान फेट्यावरून ताणली तर कानाच्या वाट्या खाली पोचत नाहीत. मानेमागून जाणाऱ्या कमानीचा हेडसेट असतो, बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

हेडसेटखाली कॅप घालणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. कॅपच्या मध्यावर कापडाने मढवलेलं बटण असतं. कमान त्यावर दाबून अर्ध्या तासात टाळू ठणकायला लागते. वैमानिक ते बटण सरळ काढून टाकतात. कॅप विस्कटत नाही. लोकरीची कानटोपी हेडसेटखाली नको, वाटी आणि कान यांत फट राहून आवाज आत येतो. एअर टॅक्सी हेलिकॉप्टरपेक्षा पुष्कळ शांत असतील. जोबी या अमेरिकी कंपनीच्या एअर टॅक्सीचा आवाज नासाच्या मोजणीत 1640 फुटांवरून उडताना जमिनीवर 45 डेसिबलच्या आसपास भरला. पण हा खाली ऐकू येणारा आवाज. त्यावरून आतल्या आवाजाचा अंदाज बांधू नये.

बायकांच्या दृष्टीने सुती चौकोनी स्कार्फ या सगळ्यांत उजवा ठरतो. मीटरभर लांब-रुंद घ्या, तिकोनी घडी घाला आणि गाठ हनुवटीखाली न मारता मानेच्या थोडी बाजूला, कानाखाली मारा. मानेमागे बरोबर मध्यावर मारली तर आसनाच्या उशीवर टोचते. उरलेली टोकं कॉलरमध्ये किंवा ब्लाउजच्या आत खोचा. स्कूटीवर गुंडाळतात तो दोन मीटरचा स्टोल इथे उपयोगाचा नाही. पदर डोक्यावरून घेतला असेल तर तो कमरेला पक्का खोचूनच बाहेर पडा. अंबाडा मानेवर असला की उशी डोकं पुढे ढकलते आणि तासाभरात मान अवघडते. त्यापेक्षा वेणी बरी, शेपटा कपड्याच्या आत. गजरा पानात बांधून पिशवीत ठेवा, उतरल्यावर माळा. तसं पाहता वैमानिक सरला ठकराल 1936 मध्ये साडी नेसूनच उघड्या जिप्सी मॉथ विमानात बसल्या होत्या, आणि बंगळूरच्या कंपनीला नावही त्यांचंच आहे. तेव्हा आडवा येतो तो सुटा कपडा, साडी नव्हे.

कापड सुती किंवा लोकरीचं असू द्या. पॉलिस्टर आणि फ्लीस उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनात हा विचार आधीच केलेला बरा.

कुंचीचे बंद सुरगाठीने बांधा, एका ओढीत सुटले पाहिजेत. पाठीवर येणारा झूल आसनाचा पट्टा लावण्याआधी वर घ्या, नाहीतर बाळाच्या पाठीखाली गोळा होतो. पंख्याजवळ जाण्याआधीच कुंची काढून बाळाचं डोकं हाताने छातीशी धरा.

परतीला बंगळूरच्या विमानतळावर डिजियात्रेचा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारा, कॅमेरा. कपाळ झाकणारी कानटोपी आणि चोचीची सावली त्याला चालत नाही, दार उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते. रांगेत शिरतानाच काढा. फेटा भुवयांच्या वर दोन बोटं असेल तर सहसा अडत नाही. मात्र नोंदणीचा फोटो बोडक्या डोक्याचा असेल आणि यंत्र अडलंच, तर शेजारच्या साध्या रांगेत कागद दाखवून जाता येतं.

सांबऱ्याला पाऊस असेल तर छत्री उघडायच्या भानगडीत पडू नका, वाऱ्याने ती उलटते. रेनकोटची टोपी दोरी ओढून घट्ट करा, पण बाजूचं दिसेल एवढी मागे सारा. विमानाजवळ कडेने येणारी गाडी दिसली पाहिजे. शेतातली प्लॅस्टिकची खोळ घरीच ठेवा. तेवढा मोठा सुटा कागद झोतात सापडला तर कुणाच्याच हाती लागत नाही.