झाडाचा सर्वांत वाईट महिना

छायाचित्र पाहून ते ठिकाण कुठले आणि तेथील हवामान कसे असेल हे ओळखण्याचा खेळ मी गेली काही वर्षे नेमाने खेळतो, आणि त्यातली माझी सर्वांत लाजिरवाणी चूक एका शांत खाडीच्या चित्रात झाली. पाण्याकाठी पांढऱ्या भिंतींची घरे होती आणि घरांसमोर ताडामाडासारखी, शेंड्यावर तलवारीसारख्या पानांचे झुबके मिरवणारी झाडे उभी होती. उष्ण कटिबंधातले एखादे बेट असणार, असे मी क्षणभरही न थांबता सांगून टाकले. ते निघाले स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे प्लॉक्टन, म्हणजे मॉस्कोपेक्षाही उत्तरेला असलेले गाव. ती झाडे ताडाच्या कुळातली नव्हतीच. मूळची न्यूझीलंडची कॉर्डिलाइन तेथे कोणीतरी हौसेने लावलेली होती, आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे त्या किनाऱ्यावरचा हिवाळा तिला सोसतो. झाडाने मला फसवले नव्हते. येथे कडाक्याची थंडी पडत नाही, एवढेच ते सांगत होते. येथे उन्हाळा तापतो, हे मी पदरचे घातले होते.

तेव्हापासून झाडाकडे पाहताना मी वर्षाच्या सरासरीचा विचार सोडून दिला आहे. सरासरी हा कागदावरचा आकडा आहे, ती कोणत्याही झाडाला भोगावी लागत नाही. झाडाला तगून राहायचे असते ते वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात, आणि त्याची सगळी ठेवण त्या महिन्याच्या बेताने झालेली असते. व्लादिमीर कोपेन यांनी १९०० साली जगाच्या हवामानाची जी विभागणी मांडली, तिच्यातही हेच सूत्र दिसते. कोपेन हवामानशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जातात, पण त्यांचा १८७० चा प्रबंध उष्णता आणि वनस्पतींची वाढ या विषयावर होता, आणि आपल्या सीमारेषा त्यांनी वनस्पतींच्या हद्दी पाहून आखल्या. सर्वांत थंड महिन्याचे तापमानही १८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले नाही तर प्रदेश उष्ण कटिबंधी. सर्वांत उबदार महिनासुद्धा १० अंशांना पोहोचला नाही तर तेथे जंगल उभे राहत नाही.

पावसाचेही तसेच. रोममध्ये वर्षभरात लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो, हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, कारण डोळ्यांपुढे लंडनची हिरवळ आणि रोमच्या आसपासच्या धुरकट, करड्या-हिरव्या टेकड्या असतात. फरक पाऊस किती पडतो याचा नसून केव्हा पडतो याचा आहे. ऑलिव्हचे एक पान हातात घेऊन पाहिले की तो केव्हा पडतो हे कळते. पान अरुंद आणि चामड्यासारखे चिवट असते. वरची बाजू गडद आणि मेणचट, खालची रुपेरी. ही रुपेरी छटा म्हणजे एकमेकांना चिकटून पसरलेल्या, छत्रीसारख्या चपट्या, अतिसूक्ष्म केसांचा थर आहे, आणि पानाची पर्णरंध्रे, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर जाण्याची छिद्रे, या थराखाली झाकलेली असतात. हिवाळा ओला आणि सौम्य असल्यामुळे पाने गाळून टाकणे या झाडाला परवडत नाही, आणि उन्हाळा तापलेला आणि कोरडा असल्यामुळे ती उघडी ठेवणेही परवडत नाही. म्हणून हा बंदोबस्त. भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीमध्ये, आफ्रिकेच्या केप भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात अगदी वेगवेगळ्या कुळांतल्या झुडपांनी अशीच लहान, कडक, बारमाही पाने धरली आहेत. या पाचांतले नेमके कोणते, हे ओळखताना मी अजूनही गुण घालवतो, पण हवामान मात्र चुकत नाही.

सूचिपर्णी वृक्ष म्हणजे सदाहरित, असे आपण शाळेपासून धरून चालतो. पूर्व सायबेरियातला लार्च मात्र हिवाळ्यात आपल्या सुया गाळून उघडा होतो. उत्तरेकडची जी कडाक्याची थंडी स्प्रूस हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष पाने राखून काढतो, तिच्याही पलीकडची थंडी येथे असते. अशा झाडांच्या विरळ रानात खोड वेडेवाकडे कललेले दिसले, तर खालची जमीन कायमची गोठलेली असून वरचा थर मधूनमधून वितळत असावा, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

मला सर्वांत मनापासून आवडणारे झाड मात्र अँडीज पर्वतातले फ्रायलेहोन आहे. कोलंबिया, व्हेनेझुएला आणि इक्वेडोरच्या उंच, धुकट माळांवर ते एकेकटे उभे असते. शेंड्यावर लोकरीसारखी लव असलेल्या जाड पानांचा गुच्छ, आणि त्याखाली वाळलेली जुनी पाने गळून न पडता खोडाभोवती घोंगडीसारखी लपेटलेली. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे येथे हिवाळा असा ऋतूच नाही. येथे वाईट महिन्याऐवजी रोजची वाईट रात्र असते. दिवसा ऊन चटके देते आणि पहाटे दव गोठते. हजारो किलोमीटर दूर, केनिया पर्वतावरच्या महाकाय सेनेसिओनेही वाळक्या पानांची अशीच घोंगडी पांघरलेली आहे. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली असली तरी या कुळाच्या निरनिराळ्या शाखांतली आहेत. तेव्हा वाळकी पाने अंगावर बाळगणारे असे लोकरी झाड दिसले की मी उंच डोंगर आणि विषुववृत्ताचा शेजार असे बेधडक लिहितो.

झाड ओळखता आले नाही तर मी उतार पाहतो. उत्तर गोलार्धात डोंगराची दक्षिण बाजू जास्त तापते आणि लवकर सुकते. एकाच डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगाला दाट झाडी आणि दक्षिणेकडच्या अंगाला नुसते गवत किंवा खुरटी झुडपे असतील, तर त्या प्रदेशात पाणी झाडांना जेमतेम पुरते आहे. मुबलक असते तर दोन्ही बाजू सारख्याच झाकल्या गेल्या असत्या. एवढ्या थोड्या खुणेवरून एवढे कळावे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

जमिनीच्या आकारांवर मात्र मी फारसा विसंबत नाही. रुंद तळाची, सरळ कड्यांची दरी हिमनदीने कोरलेली असते, पण ती हिमनदी वितळूनही हजारो वर्षे लोटलेली असू शकतात. सहारामध्ये पाण्याने कापलेल्या दऱ्या आहेत, आणि त्या आजच्या पावसाच्या नाहीत. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तेथे गवत आणि तळी होती. डोंगराची स्मरणशक्ती फार लांबची, त्यामुळे आजचे हवामान त्याला विचारण्यात अर्थ नाही. वाळवंटातल्या नदीकाठच्या हिरव्या पट्ट्याचेही तेच: तो पट्टा दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसावर जगतो. आणि निलगिरी तर माणसाने जगभर इतकी लावली आहे की रस्त्याकडेला ती दिसली तर मी ती हिशेबातच धरत नाही.

प्लॉक्टनचे ते चित्र मी नंतर पुन्हा उघडून पाहिले. दगडी गडग्यावर बोटभर जाडीचे शेवाळ होते, आणि मागच्या डोंगरावर तांबूस तपकिरी नेचे आणि हीदरची झुडपे पसरली होती. तलवारीच्या पानांची ती झाडे फक्त घरांपुढे होती. डोंगरावर एकही नव्हते.