वीस मिनिटांचा तट

मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला शब्दातले अक्षर दिसेनासे झाले, तर तो पहिला संशय अक्षरजुळणी करणाऱ्यावर घेतो. सात वर्षांपूर्वी एका दुपारी मीही तेच केले. साताऱ्यातल्या शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीत एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल तपासत असताना 'भागधारक' या शब्दातला 'ग' गळलेला दिसला, म्हणून समासात खूण करायला लाल पेन टेकवले आणि पाहतो तो 'ग' जागेवर होता. आता 'धा' गेला होता. नजर ज्या अक्षरावर नेईन नेमके तेच अक्षर जात होते. तिथे काळा ठिपका नव्हता की पांढरे भोकही नव्हते. कागद अखंड होता, त्याचा पिवळसर रंगसुद्धा सलग होता, फक्त अक्षर नव्हते. नजरेला जे मिळत नाही ते मेंदू आजूबाजूच्या रंगाने लिंपून टाकतो, हे मला पुढे कळले. मुद्रितशोधकाला याहून घातक सवय दुसरी नसेल.

दोन-तीन मिनिटांत त्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे काहीतरी लुकलुकू लागले. त्या दाण्याची कोर झाली, कोरीची नाल झाली आणि नालेच्या कडेला दाते फुटले. आईच्या ट्रंकेत नागपूरकडची एक करवतकाठी साडी होती, तिच्या काठासारखे ते दाते एकाशेजारी एक, काटकोनात दुमडलेले आणि सारखे हलणारे होते. पांढरे, पण टोकांना निळी-पिवळी झाक असलेले. मी डोळे मिटले, तरी तो काठ मिटलेल्या डोळ्यांसमोर तसाच झळकत राहिला. हळूहळू तो डावीकडे सरकत मोठा होत गेला, मागे मधली नजर स्वच्छ होत आली आणि साधारण पंचविसाव्या मिनिटाला तो नजरेच्या कडेवरून बाहेर निघून गेला. डोके दुखले नाही. मी चहा करून घेतला आणि हात थरथरत असल्यामुळे अर्धा बशीत सांडला.

चष्म्याच्या दुकानात माझा नंबर बदलून मिळाला, पुढच्या खेपेनंतर पुन्हा बदलून मिळाला, आणि काठ नव्या चष्म्यातूनही तितकाच रेखीव दिसला. अखेर मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, की हे दिसत असताना एकेक डोळा झाकून पाहिला होता का. पाहिला नव्हता. पुढच्या वेळी पाहिला, तेव्हा मी ज्याला 'डाव्या डोळ्यातला दोष' म्हणत होतो तो उजव्या डोळ्यातही तिथेच, डाव्याच बाजूला होता. दोन्ही डोळ्यांना एकच गोष्ट दिसत असेल, तर तिचा उगम डोळ्यांत नसून डोक्याच्या मागच्या भागात, जिथे मेंदू पाहण्याचे काम करतो तिथे असतो. लोक याला सरसकट डोळ्यांचे मायग्रेन म्हणतात, पण त्यात डोळे बिचारे निर्दोष असतात. एकाच डोळ्याची दृष्टी जाणे हे प्रकरण वेगळे आहे, आणि ते घडले तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, असे त्यांनी बजावले. तासाभरात काठ गेला नाही, बोलताना जीभ अडखळली किंवा हातापायातले बळ गेले, तरीही तेच.

आमच्या आत्याला मात्र अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे, हे निदान मान्य झाले नाही. "अरे, डोकं दुखत नाही तर अर्धशिशी कसली?" हा तिचा मुद्दा होता, आणि भाषेच्या बाजूने पाहिले तर तो बिनतोड होता. अर्धशिशी म्हणजे अर्धे शीर, आणि मायग्रेन हा शब्दही अर्ध्या कवटीसाठी असलेल्या ग्रीक शब्दापासूनच आलेला आहे. दोन्ही भाषांनी दुखण्यावरूनच नाव ठेवले, दिसण्यावरून ठेवले नाही. दुखणे न येता नुसतेच दिसणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय कोणीच केलेली नाही. तरीही तिने सूर्य उगवण्याआधी गरम जिलबी आणि दूध घ्यायला लावले. गुण आला नाही, पण तीन पहाटे चांगल्या गेल्या.

दिसण्यावरून नाव ठेवले ते ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने. त्याला स्वतःला हा त्रास होता, खगोलशास्त्रज्ञ असलेल्या त्याच्या वडिलांनाही होता, आणि 1870 साली त्याने आपल्या डोळ्यांपुढच्या आकृतीची रंगीत चित्रे काढून प्रसिद्ध केली. त्याला ती नगराच्या तटबंदीसारखी वाटली, म्हणून त्याने ग्रीकमधल्या तटाच्या शब्दावरून तिला नाव दिले. हे वाचल्यावर मी खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे पाहिले आणि मला काही ते पटेना. औरंगजेबाच्या फौजेला 1700 साली महिनोन्महिने वेढा घालून जो घ्यावा लागला, त्या किल्ल्याचा तट डोंगराच्या धारेने वळत जातो आणि त्याचे बुरूज गोल आहेत. त्यात करवतीचे दाते कुठे आहेत? एअरीच्या मनातले किल्ले युरोपातले, तोफांच्या माऱ्यासाठी कोनाकोनांनी बांधलेले असणार. तो साताऱ्यात जन्मला असता तर त्याला साडीचा काठच सुचला असता.

काठ सरकतो तो वेग मात्र मोजलेला आहे. कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतःच्याच डोळ्यांपुढच्या आकृतीची वाढ नोंदवून 1941 साली हिशोब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर या गतीने पसरत असले पाहिजे. त्यानंतर तीनच वर्षांनी लेआंव या ब्राझिलच्या संशोधकाने सशांच्या मेंदूत तशीच संथ लाट प्रत्यक्ष नोंदली. लाटेची पुढची कड पेशींना चेतवते, तेच ते लुकलुकणारे दाते, आणि मागे काही काळ पेशी गप्प होतात, तिथली अक्षरे जातात. नजरेच्या मधल्या इवल्याशा भागासाठी मेंदूने फार मोठी जागा राखलेली असल्यामुळे काठ सुरुवातीला हलेनासा वाटतो आणि कडेला पोहोचताना धावू लागतो. हे कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा आदराने पाहतो.

बाकी व्यवहार साधा आहे. उपाशी राहायचे नाही, जागरण टाळायचे, उन्हात पाणी जवळ ठेवायचे, आणि यवतेश्वरच्या घाटात काठ उगवला तर स्कूटर कडेला घेऊन मुकाट बसायचे. एकदा मंडईत ओळखीच्या भाजीवाल्या मावशींचा अर्धा चेहरा गेला होता. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने त्या मेथीचा भाव सांगत होत्या आणि मी कानाकडे बघून घासाघीस करत होतो. घरी मी हातातले काम खाली ठेवले की ही काही विचारत नाही, दिवा मालवते आणि अर्ध्या तासाने "अहो, गेला का?" एवढेच म्हणते.

गेल्या महिन्यात त्याच पतसंस्थेचा नवा अहवाल आला. पहिल्याच पानावर, मोठ्या टायपातल्या 'वार्षिक' या शब्दावरचा रफार दिसेना. मी पेन खाली ठेवले, पाणी प्यालो, एकेक डोळा झाकून पाहिला आणि खुर्चीत मागे टेकून स्वस्थ बसलो. वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली, दाते काही फुटले नाहीत आणि रफारही परत आला नाही. तेव्हा लाल पेन उचलून मी 'ष'वर तो घातला.